ठराव कागदावर, शिरस्ता वर्गात : इतिहासाच्या नव्या शिक्षकांसाठी

पेण आणि रोहा या दोन तालुक्यांतून दरवर्षी आपल्या समाजातील काही मुले-मुली बी.एड. होऊन बाहेर पडतात. कुणी अभियोग्यता चाचणी देऊन पवित्र पोर्टलकडे डोळे लावून बसतो, कुणी एखाद्या संस्थेच्या हायस्कूलमध्ये तासिका तत्त्वावर उभा राहतो. यातल्या अनेकांचा विषय इतिहास असतो आणि ते साहजिकच आहे. अभ्यासिकेत, जयंतीच्या व्यासपीठावर, विहारातल्या चर्चेत त्यांची या विषयाची तयारी आधीच झालेली असते. तरीही पहिल्या महिन्यात यांतल्या बहुतेकांचा घसा बसतो आणि धीर सुटतो. व्यासपीठासमोर जे बसतात ते ऐकायला आलेले असतात. वर्गात पन्नास-साठ मुले बसवलेली असतात, हा फरक बी.एड.च्या पाठटाचणात दिसत नाही.

या लेखात आम्ही धडा कसा शिकवावा हे सांगणार नाही. धडा सुरू होण्याआधी आणि धडा चालू असताना वर्ग कसा चालावा, कोण कुठे बसेल, पाणी कोण आणेल, प्रश्न कोणाला विचारला जाईल, गडबड झाली तर काय करायचे, या रोजच्या गोष्टींचे नियोजन कसे करावे, एवढाच विषय आहे. विषय किरकोळ वाटेल. पण आपल्या समाजाचा शाळेतला इतिहास पाहिला तर तो मुख्यतः याच किरकोळ गोष्टींचा इतिहास आहे.

बाक आणि पाणी

१८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार विद्यार्थ्याने प्रवेश मागितला आणि तो नाकारला गेला. पुढे प्रवेश मिळू लागला, तेव्हा प्रश्न बसण्याच्या जागेवर आला. बाबासाहेबांनी साताऱ्याच्या शाळेतल्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. वर्गात त्यांना वेगळे बसावे लागे, बसायला घरून गोणपाट न्यावे लागे, आणि शिपायाने वरून पाणी ओतले तरच तहान भागे. शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही. या मुलाचे नाव हजेरीपटावर होते, त्याची फी भरलेली होती, शिक्षक त्याला शिकवतही होते. अन्याय झाला तो वर्गाच्या रोजच्या शिरस्त्यात.

आता आपल्याच जिल्ह्याकडे पाहू. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे मंडळाने सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा बोले यांचा ठराव मंजूर केला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये त्याला धरून चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागद पूर्ण झाला. पण तळ्यावर कोणी जाऊ शकत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी, कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेच्या दुसऱ्या दिवशी, बाबासाहेबांच्या मागोमाग हजारो माणसे चालत तळ्यावर गेली आणि ओंजळीने पाणी प्याली. त्यानंतरही मारहाण झाली, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले, दावा कोर्टात गेला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १७ मार्च १९३७ उजाडले.

ठराव आणि शिरस्ता यांच्यातले अंतर हे एवढे असते. वर्गाच्या भिंतीवर 'सर्वांशी समानतेने वागा' असा तक्ता लावणे हा ठराव झाला. सोमवारी सकाळी मागच्या बाकावरचा मुलगा पुढच्या बाकावर बसलेला असणे हा शिरस्ता झाला. शिक्षकाने शिरस्ता ठरवला नाही तर वर्ग बिनशिरस्त्याचा राहत नाही. तिथे गावाचा शिरस्ता आपोआप लागू होतो. ज्याचा आवाज मोठा तो पुढे, ज्याच्या घरचे नाव मोठे तो वर्गप्रमुख, मुली एका कडेला, वाडीवरची कातकरी मुले शेवटच्या बाकावर, आणि झाडू ठरावीक हातांत. कोणी हे ठरवलेले नसते, आणि म्हणून कोणी ते मोडतही नाही.

संघाकडून दोन गोष्टी

आपल्याकडे सामूहिक जीवनाची घडी बसवण्याची अडीच हजार वर्षांची परंपरा आहे. विनयपिटक हे त्याचेच दप्तर आहे. त्यातल्या दोन गोष्टी शिक्षकाच्या थेट कामाच्या आहेत.

पहिली गोष्ट उपालीची. शाक्य राजकुमार प्रव्रज्या घ्यायला आले तेव्हा त्यांच्यासोबत त्यांचा न्हावी उपालीही होता. आमचा अभिमान उतरावा म्हणून उपालीला आधी दीक्षा द्यावी, अशी विनंती राजकुमारांनीच तथागतांना केली. संघात ज्येष्ठता ठरते ती दीक्षेच्या वेळेवरून. म्हणून पुढे त्या राजकुमारांना उपालीपुढे वाकावे लागले. याच उपालीने राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाचे पठण केले. इथे जातीविरुद्ध भाषण झाले नाही, क्रम बदलला गेला. वर्गातही क्रम बदलण्याचा अधिकार शिक्षकाच्या हातात असतो आणि त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

दुसरी गोष्ट नियमांची. विनय सांगतो की तथागतांनी नियमांची यादी आधी करून ठेवली नाही. प्रसंग घडला, तो संघासमोर आला, मग नियम झाला. आणि झालेले नियम दर पंधरवड्याला उपोसथाच्या दिवशी सर्वांसमोर म्हटले जात. शिक्षकाने यातून घ्यायचे ते असे की पहिल्या दिवशी वीस नियमांचा तक्ता लावू नये. रोजचे चार-पाच शिरस्ते आधी ठरवून घ्यावेत, नियम गरज पडेल तसे मुलांसमोर करावेत, आणि दर पंधरा दिवसांनी पाच मिनिटे काढून 'काय चालते आहे, काय चालत नाही' हे वर्गाला विचारावे.

जूनच्या आधी : मुले कुठून येतात

नियोजनाची सुरुवात पाठ्यपुस्तकाच्या आधी गावापासून करावी लागते. पेणच्या आसपास, विशेषतः हमरापूर-जोहे भागात, गणपतीच्या कारखान्यांत गणेशोत्सवाच्या आधीचे काही महिने रात्री उशिरापर्यंत काम चालते. त्या घरांतली मुले जुलै-ऑगस्टमध्ये पहिल्या तासिकेला डुलक्या घेतात. रोह्याला धाटावच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणाऱ्यांच्या घरी सकाळचे वेळापत्रक दर आठवड्याला बदलते. काही मुलांची शाळा एसटीच्या एका फेरीवर अवलंबून असते, ती फेरी चुकली की पहिली तासिका गेली. आणि दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर निघतात तेव्हा मुलेही सोबत जातात. ती परत येतात तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो आणि पुष्कळदा ती परत येतच नाहीत.

म्हणून पहिल्या आठवड्यात प्रत्येक मुलाकडून एका कागदावर चार गोष्टी लिहून घ्याव्यात. शाळेत कसे येतोस, घरी अभ्यासाला कोणती वेळ मिळते, घरी कोणते काम करावे लागते, कोणत्या महिन्यात गावाबाहेर जावे लागते. जात विचारू नये, वडिलांचा धंदा विचारू नये. हे कागद कपाटात राहतील, वर्गात वाचले जाणार नाहीत, हेही सांगावे. उशिरा येणाऱ्या मुलाला दारात उभे करण्याआधी हा कागद पाहिला तर अर्धी भांडणे होत नाहीत.

पाच शिरस्ते

एक, सुरुवात. हायस्कूलमध्ये शिक्षक वर्ग बदलत फिरतो. मागचे शिक्षक बाहेर पडले आणि आपण आत येईपर्यंतची दोन-तीन मिनिटे म्हणजे गोंगाटाची जागा. ती आधीच भरून ठेवावी. त्या दिवसाच्या फळाप्रमुखाकडे आदल्या दिवशी एक चिठ्ठी द्यावी. तो फळ्यावर तारीख, पाठाचे नाव आणि मागच्या पाठावरचा एक सोपा प्रश्न लिहील. मुले वहीत उत्तर लिहू लागतील. आपण आत येतो तेव्हा काम सुरू झालेले असते, 'शांत बसा' म्हणून ओरडण्याची वेळ येत नाही. कोकणातल्या पावसात पत्र्याच्या छपराखाली शिक्षकाचा आवाज दुसऱ्या बाकापर्यंतही पोहोचत नाही. अशा दिवशी फळ्यावरची सूचना आणि वर केलेला हात यांवरच वर्ग चालतो. त्याची सवय जूनमध्येच लावावी.

दोन, बाक. दर सोमवारी प्रत्येक रांग एक बाक पुढे सरकेल, सर्वांत पुढची रांग मागे जाईल. बाकावरचे जोडीदार महिन्याने बदलतील, हजेरी क्रमांकाप्रमाणे. ज्यांना फळा दिसत नाही किंवा ऐकू कमी येते अशा मुलांसाठी दोन जागा कायम राखून ठेवाव्यात. पहिल्या दोन सोमवारी कुरकुर होईल, एखाद्या पालकाचा निरोपही येईल की 'आमच्या मुलाला तिथे बसवू नका'. उत्तर एकच द्यावे, सौम्य शब्दांत : हा क्रम सगळ्यांसाठी आहे, पुढच्या सोमवारी तो पुन्हा बदलेल. क्रम आकड्यांवर चालतो म्हणून शिक्षकावर पक्षपाताचा आरोप टिकत नाही.

तीन, कामे. पाणी, झाडू, फळा, खिडक्या, नकाशे आणणे, वह्या गोळा करणे. ही सहा कामे हजेरी क्रमांकाने आठवड्याला सहा-सहा मुलांकडे जातील, मुलगा-मुलगी भेद न करता. साठ मुलांच्या वर्गात दहा आठवड्यांत प्रत्येकाची पाळी होते. झाडू कोणाच्या हातात कायम राहत नाही आणि नकाशा आणण्याचा मानही कोणाकडे कायम राहत नाही. वर्गप्रमुखही आठवड्याने बदलावा. आणखी एक गोष्ट कटाक्षाने टाळावी, ती म्हणजे वर्गप्रमुखाकडून बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहून घेणे. त्या यादीत गावातली सगळी भांडणे उतरतात आणि ज्याला कोणी पाठीराखा नाही त्याचे नाव सर्वांत वर असते.

चार, हजेरी आणि फॉर्म. हजेरी घेताना प्रत्येक मुलाला त्याच्या नावाने हाक मारावी. टोपणनाव, आडनावावरचा विनोद, वाडीचे नाव जोडणे हे शिक्षकाच्या तोंडून एकदा निघाले की वर्ग वर्षभर तेच म्हणतो. शिष्यवृत्तीच्या फॉर्मच्या वेळी 'मागासवर्गीय मुलांनी उभे राहा' असे म्हणण्याची पद्धत अजून काही ठिकाणी आहे. दोन मिनिटांचे काम उरकते, पण त्या दोन मिनिटांत मूल साठ जणांसमोर जातीने उभे राहते. कार्यालयातून यादी घ्यावी आणि मधल्या सुट्टीत एकेकाच्या हाती फॉर्म द्यावा. कागद सगळ्यांच्याच घरी जायचा असेल तर बंद पाकिटातून सगळ्यांना द्यावा.

पाच, प्रश्न. वर्गात प्रश्न विचारला की पाच-सहा हात वर होतात. तेच रोज वर होतात. शिक्षकाला वाटते वर्गाला समजले. यावर साधा उपाय म्हणजे डबा. हजेरी क्रमांक लिहिलेल्या चिठ्ठ्या एका डब्यात ठेवाव्यात. प्रश्न विचारावा, मनात दहा आकडे मोजावेत, मग चिठ्ठी काढावी. ज्याचा क्रमांक येईल तो उत्तर देईल किंवा 'पुढे' म्हणेल. 'पुढे' म्हणण्याची मुभा हवीच, नाहीतर डबा हीच शिक्षा होते. पण 'पुढे' म्हटलेल्या मुलाकडे तासिका संपण्याआधी सोपा प्रश्न घेऊन परत जावे. पहिल्या महिन्यात जी मुले मान खाली घालतात, ती दिवाळीपर्यंत दोन वाक्ये बोलू लागतात.

पस्तीस मिनिटांचा हिशेब

तासिका ३५ मिनिटांची धरली तर आम्ही सुचवतो ती विभागणी अशी : फळ्यावरच्या प्रश्नाला ५ मिनिटे, शिक्षकाच्या कथनाला १२, मुलांच्या स्वतःच्या कामाला १०, त्यावर चर्चेला ५ आणि वही बंद करण्याआधीच्या दोन ओळींना ३. चळवळीतून आलेल्या शिक्षकाला १२ मिनिटे फार कमी वाटतील. बोलण्यासारखे खूप असते आणि बोलता येतही असते. पण बाराव्या मिनिटानंतर मागचे बाक गळतात. आणि ज्याच्या घरात अभ्यासाला कोपरा नाही त्या मुलाला लिहिण्यासाठी हातात असतात ती वर्गातली हीच दहा मिनिटे. आपले भाषण लांबले की ती त्याच्याकडून जातात.

वह्यांचेही गणित आधी करावे. चार तुकड्या, प्रत्येकी साठ मुले म्हणजे २४० वह्या. एकदम गोळा केल्या तर महिनाभर गठ्ठा पडून राहतो. आठवड्याला तीन तासिका असतील तर प्रत्येक तासिकेला मुले काम करत असताना दहा वह्या पाहाव्यात. सहा तासिकांत, म्हणजे दोन आठवड्यांत, वर्ग पूर्ण होतो. प्रत्येक वहीत एकच दुरुस्ती आणि एकच चांगली गोष्ट लिहावी.

शिवाय प्रत्येक वर्गासाठी एक रोजनिशी ठेवावी. त्या दिवशीचा पाठ, महत्त्वाचे मुद्दे, घरचा अभ्यास हे पाळीप्रमाणे एक मूल लिहील. आजारी पडलेला, एसटी चुकलेला, वीटभट्टीवरून परतलेला विद्यार्थी आधी ही रोजनिशी वाचेल आणि त्याला एक सोबती नेमून दिला जाईल. 'इतके दिवस कुठे होतास?' हा प्रश्न सर्वांसमोर विचारू नये. परतलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी डब्यातली चिठ्ठी आणि आठवड्याचे काम मिळाले की त्याला कळते, आपली जागा वर्गाने काढून टाकलेली नाही.

जेव्हा विषय तापतो

इतिहासाच्या वर्गाची खरी परीक्षा इथे असते. आठवीच्या पुस्तकात समतेच्या लढ्याचा पाठ येतो. महाड, मनुस्मृती दहन हे शब्द उच्चारले की वर्गातली काही डोकी वळून आपल्या मुलांकडे पाहतात. मागून कुजबुज येते, एखादा आरक्षणावर शेरा मारतो. शिवकाळ शिकवतानाही वातावरण तापते, कारण रायगड आपल्याच जिल्ह्यात आहे आणि मुले घरून, मोबाइलवरून ठाम मते घेऊन आलेली असतात.

अशा वेळी ऐनवेळचा राग किंवा ऐनवेळचे भाषण दोन्ही फसते. त्यासाठीही शिरस्ता हवा आणि तो शांत पाठांपासूनच लावावा लागतो. वहीच्या पानावर तीन रकाने आखावेत : काय घडले, ते कशावरून कळते, मला काय वाटते. कोणतेही विधान कोणत्या रकान्यात बसते हे मुलांनी ठरवायचे. युरोपातल्या प्रबोधनाला हाच नियम, शिवकाळाला हाच, महाडला हाच. चवदार तळ्याच्या पाठात पहिल्या रकान्यात तारीख येईल, दुसऱ्यात नगरपालिकेचा ठराव आणि न्यायालयाचा निकाल येईल, तिसऱ्यात प्रत्येकाचे मत. मत वेगळे असू शकते, पण दुसरा रकाना रिकामा ठेवून तिसरा भरता येणार नाही.

यासोबत दोन मर्यादा पाळाव्यात. कोणत्याही मुलाला त्याच्या समाजाच्या वतीने बोलायला सांगू नये. 'तुमच्यात काय म्हणतात?' हा प्रश्न बौद्ध मुलाला नको, कातकरी मुलीला नको, मुस्लिम मुलालाही नको. आणि जातीवाचक शब्द वर्गात आला तर तास थांबवावा. आवाज न चढवता सांगावे की हा शब्द इथे चालत नाही, आणि तासानंतर त्या मुलाशी बोलावे. तो गप्प बसून सोडून दिला तर साठही मुलांना समजते की इथे तो चालतो.

हा शिरस्ता शिक्षकाचेही रक्षण करतो. आपल्या समाजातील शिक्षकाबद्दल 'हे सर जातीवरच बोलतात' अशी तक्रार व्हायला वेळ लागत नाही. वर्षभराच्या प्रत्येक पाठाला तेच तीन रकाने असतील, मुलांच्या वह्यांत ते दिसत असतील, तर उत्तर द्यायला वह्या पुरेशा असतात. वर्ग हे आपले व्यासपीठ नाही. तिथे बसलेले दुसऱ्या समाजाचे मूलही आपलेच विद्यार्थी आहे, आणि हा वर्ग आपला आहे असे त्यालाही वाटले पाहिजे.

छडीशिवाय

'साठ मुलांच्या वर्गात छडीशिवाय चालत नाही' हे वाक्य प्रत्येक शिक्षक-खोलीत ऐकायला मिळते. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्यास स्पष्ट मनाई केली आहे. हा कायदा ६ ते १४ वयाचा आहे, पण नववी-दहावीच्या मुलाची पाठ त्यामुळे छडीसाठी मोकळी होत नाही. बालन्याय कायदा, २०१५ अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो.

कायद्यापलीकडचे कारणही आहे. छडी समान पडत नाही. ज्याचे वडील दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन जाब विचारतील त्याच्यावर ती कमी पडते. जो गप्प राहील त्याच्यावर जास्त.

छडीऐवजी पायऱ्या ठरवाव्यात आणि त्या मुलांना आधीच सांगाव्यात. आधी नुसती नजर. मग शिकवत-शिकवत त्याच्या बाकाजवळ जाऊन उभे राहणे. मग हळू आवाजात एक वाक्य. मग तासानंतर दोन मिनिटे एकट्याशी बोलणे. मग काय घडले हे त्याने स्वतः लिहून देणे. शेवटी पालकांची भेट, आणि तीही त्याच्यासमोर. तथागतांनी राहुलला खोटे बोलण्याचा दोष समजावला तो पाण्याच्या भांड्यावरून. भांड्यात थोडे पाणी उरले, ते ओतून दिले, भांडे उपडे केले, आणि प्रत्येक वेळी राहुलला विचारले की काय दिसते. कृती करण्याआधी, करताना आणि केल्यावर तिच्याकडे पाहण्याची सवय लावली. लिहून देण्याच्या पायरीचा अर्थ हाच आहे.

महिन्यातून एक स्थानिक साधन

दहावीच्या पुस्तकात उपयोजित इतिहास, पर्यटन आणि इतिहास, ऐतिहासिक ठेव्यांचे जतन असे पाठ आहेत. या पाठांसाठी पेण-रोह्याच्या शिक्षकाला दूर जावे लागत नाही. रोह्याच्या दक्षिणेला तळा तालुक्यात कुडा येथे २६ बौद्ध लेणी आहेत. तिथल्या ब्राह्मी शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावे त्यांच्या व्यवसायांसह आहेत. त्यांत वैद्य आहे, माळी आहे, लोखंडाचा व्यापारी आहे, भिक्खुणी आहेत आणि एका ब्राह्मणाची उपासिका पत्नीही आहे. सुधागड तालुक्यात ठाणाळे आणि खडसांबळे येथे लेणी आहेत. पेणहून अलिबागकडे जाताना पोयनाडजवळ चरी आहे, जिथे १९३३ पासून नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांविरुद्ध वर्षानुवर्षे संप चालवला. त्या लढ्याला बाबासाहेबांचा पाठिंबा होता आणि १९३७ मध्ये त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. चरीच्या पाठात आगरी मुलाचे आजोबा आणि बौद्ध मुलाचे आजोबा एकाच बाजूला उभे दिसतात. असा पाठ वर्ग जोडतो.

महिन्यात एक तासिका अशा साधनासाठी ठेवावी. छायाचित्र, नकाशा, एखाद्या वृद्धाची मुलाखत, काहीही चालेल. सहल काढता आली तर पाच-पाचचे गट हजेरी क्रमांकाने करावेत, प्रत्येक गटाला एक प्रश्न द्यावा, चढताना आणि उतरताना गटप्रमुखाने मोजणी करावी, आणि ज्यांना पैसे भरता येत नाहीत त्यांचा खर्च कसा भागवायचा हे तारीख ठरवण्याआधी ठरवावे. पैशांअभावी दहा मुले घरी राहिली तर लेण्यांत समतेबद्दल काय सांगणार?

कार्यकर्त्यांनी काय करावे

शाळेत काही बिघडले की मोर्चा आणि निवेदन ही आपली ओळखीची वाट आहे, आणि गरज पडेल तिथे ती घ्यावीच. पण वर्गाचा शिरस्ता निवेदनाने बदलत नाही, तिथे वर्षभर लक्ष लागते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, त्यांत वंचित घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा असते आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या असतात. आपल्या वस्तीतल्या कोणत्या आई-वडिलांचे नाव त्या समितीत आहे, ते बैठकीला जातात का, हे प्रत्येक मंडळाने तपासावे. बैठकीत मोठे भाषण नको. तीन साधे प्रश्न पुरेत : बाक किती दिवसांनी बदलतात, झाडू आणि पाण्याची पाळी कशी लागते, शिष्यवृत्तीचे फॉर्म कसे वाटले जातात.

विहारातल्या अभ्यासिकेनेही मे महिन्यात दोन रविवार नव्या शिक्षकांसाठी ठेवावेत. ज्यांना दहा-पंधरा वर्षांचा अनुभव आहे त्यांनी यावे, कोणत्याही समाजाचे असोत. नव्या शिक्षकाने आपले पाच शिरस्ते कागदावर लिहून आणावेत, जुन्यांनी त्यातले काय टिकेल आणि काय कोसळेल ते सांगावे. ऑगस्टमध्ये पुन्हा एकदा भेटावे, कारण कागद आणि वर्ग यांतला फरक तोवर कळलेला असतो.

शाळा १५ जूनच्या सुमारास उघडतात. पहिल्या सोमवारी रांग एक बाक पुढे सरकवायला शिक्षकाला एक मिनिट लागेल. जे मूल मागच्या इयत्तेत वर्षभर शेवटच्या बाकावर होते, ते काही आठवड्यांत फळ्यासमोर येऊन बसेल आणि पुन्हा कायमचे मागे जाणार नाही. महाडला आपली माणसे जे मागायला गेली होती ते याहून वेगळे नव्हते.

जय भीम! नमो बुद्धाय!